प्रसूतीचे ठिकाण : घर

आमच्या फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला आठ चौकोन होते. 'प्रसूती घरी होण्याचे कारण काय?' असा प्रश्न आणि खाली पर्याय. दवाखाना लांब आहे. वाहन मिळाले नाही. खर्च परवडत नाही. दवाखाना बंद होता. बाई डॉक्टर नव्हती. घरच्यांनी जाऊ दिले नाही. गरज वाटली नाही. आमच्यात पद्धत नाही. टॅबवर एका चौकोनात टिक केली की पुढचा प्रश्न उघडायचा. टिक केल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

मेळघाटात, धारणी तालुक्यात, एका संस्थेच्या सर्व्हेसाठी मी दोन वर्षं हा टॅब घेऊन फिरले. कोरकू बायका माझ्याशी हिंदीत बोलायच्या, म्हणजे हिंदी, वऱ्हाडी आणि कोरकू यांच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत. पहिल्याच आठवड्यात एकीने या प्रश्नाला उत्तर दिलं, "दाई रुकती है." मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारला. तिने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा सावकाश, मला समजावं म्हणून. "सिस्टर आती है, जाती है. दाई रुकती है."

आठ चौकोनांत हे कुठे बसवायचं? 'इतर' असा पर्याय नव्हता. सुपरवायझरला फोन लावला तर ते म्हणाले, 'गरज वाटली नाही'मध्ये टाका. म्हणजे कागदोपत्री ती बाई अशी झाली, की जिला स्वतःच्या बाळंतपणात कुणाची गरज वाटली नाही.

थोडे आकडे सांगते, कारण 'महाराष्ट्रात आता घरी बाळंतपण होतं कुठे?' असं मला पुण्यातल्या मैत्रिणींनी विचारलंय. त्यांचं फार चुकत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. देशात 88.6 टक्के. 2005–06 मध्ये देशाचा हाच आकडा 38.7 होता. पंधरा वर्षांत एवढी उडी. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आपल्याकडे खेड्यातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर 700 रुपये मिळू लागले. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं फुकट. 2018–20 मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू झाले, देशात 97. हे आकडे थोर आहेत. 'पूर्वीच्या सुईणी बघा किती हुशार होत्या' असं म्हणण्याआधी हा 33 चा आकडा डोळ्यासमोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

पण मग उरलेल्या पाच-साडेपाच टक्क्यांचं काय? ती मुलं कुठेतरी सातपुड्याच्या कुशीत, गडचिरोलीच्या जंगलात, उसाच्या फडाशेजारच्या पालात जन्माला येतात. त्यांच्या आयांना अडाणी म्हणून आपण मोकळे होतो.

मी राहायचे त्या गावात एका घरात दोन सुना होत्या. नावं लिहीत नाही, मोठी आणि धाकटी म्हणते. मोठीचं पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालं आणि दुसरं घरी. लक्षात घ्या, ती दवाखान्याकडून घराकडे आली होती. आमच्या सर्व्हेच्या कल्पनेप्रमाणे प्रवास नेहमी उलट दिशेने व्हायला हवा. एकदा दवाखाना पाहिला, की बाई पुन्हा घरी कशाला बाळंत होईल?

पहिल्या वेळी सकाळी कळा सुरू झाल्या. नवऱ्याने टेकडीवर जाऊन रेंज पकडून फोन केला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, ती यायला दोन-अडीच तास लागले. प्राथमिक आरोग्य केंद्र 22 किलोमीटर. तिथे सिस्टरने तपासलं आणि सांगितलं, पहिलटकरीण आहेस, अजून खूप वेळ आहे, उद्या ये. उद्या ये म्हणजे कसं? सोडायला गाडी नाही, संध्याकाळची एसटी निघून गेलेली. नवरा, सासू आणि ती आवारातल्या झाडाखाली बसून राहिले. रात्री पाणमोट फुटली तेव्हा आत घेतलं. सासूला दारातच थांबवलं.

पुढचं ती सांगायची तेव्हा हातातलं काम थांबवायची नाही. ज्वारी पाखडत पाखडत सांगायची. टेबलावर आडवं केलं. तिला उठून बसावंसं वाटत होतं, उठू दिलं नाही. ओरडली तर मांडीवर चापट बसली आणि एक वाक्य ऐकायला मिळालं. ते वाक्य मी नंतर इतक्या बायकांकडून, इतक्या ठिकाणी ऐकलं, की ते कुठल्यातरी पाठ्यपुस्तकात असावं अशी शंका येते: 'तेव्हा मजा वाटली ना, मग आता कशाला बोंबलतेस?' खाली कापलं, टाके घातले. बधिर केलं नव्हतं, असं ती म्हणते. मूल पुसून बाजूला ठेवलं आणि सिस्टर दुसऱ्या टेबलाकडे गेली. मोठी तासभर तशीच, एकटी, पंख्याखाली कुडकुडत.

त्या सिस्टरबद्दलही सांगायला हवं. ती सकाळपासून एकटी ड्यूटीवर होती आणि त्या रात्री तिच्याकडे आणखी दोघी अडून बसल्या होत्या. हे मला नंतर कळलं. मोठीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी चापट काही कमी लागली नसती.

"मग वार कुठे गेली?" मोठीने मलाच विचारलं होतं. बाळाची वार आणि नाळ घरच्या जमिनीत पुरायची, हे तिच्या घरी कुणी नियम म्हणून सांगत नाही, ते असतंच. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत टाकायचे असतात, आणि ते बरोबरच आहे. मी तिला पिवळ्या पिशवीबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूछा तो होता."

दुसऱ्या वेळी तिने कळा सुरू झाल्याचं नवऱ्याला सांगितलंच नाही. दाईला बोलावणं धाडलं. दाई म्हणजे तिच्या नात्यातलीच एक म्हातारी, सगळं गाव तिला दाईमाय म्हणतं. दाईमाय आली, चुलीत दोन लाकडं सारली, पाणी ठेवलं आणि बसून राहिली. मोठीला चालावंसं वाटलं तेव्हा ती चालली, भाताची पेज प्यावीशी वाटली तेव्हा प्यायली, मध्ये झोपलीसुद्धा. शेवटी आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवी बसली. दाईमायने मागून तिच्या कंबरेला गुडघे लावले आणि सासूने समोरून खांदे धरले. पहाटे पोरगी झाली. वार पडेपर्यंत दाईमायने नाळ कापली नाही. नंतर आठ-दहा दिवस रोज येऊन बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून आंघोळ घालून जायची. मोबदला म्हणून साडी, थोडं धान्य, एक कोंबडी आणि जमले तेव्हा पैसे.

'फुकट' दवाखान्याचा हिशेब मोठीच्या नवऱ्याने मला बोटांवर मोजून दाखवला होता. त्याची आणि भावाची चार दिवसांची मजुरी बुडाली. जेवण बाळंतिणीला मिळतं, सोबतच्यांना नाही. परत येताना खासगी जीप करावी लागली, कारण त्या दिवशी गाडी नव्हती. शेळ्या शेजाऱ्याकडे ठेवल्या त्याचे उपकार. योजनेचे 700 रुपये आले, पण सहा महिन्यांनी, कारण आधारवर तिचं माहेरचं नाव होतं आणि बँकेत सासरचं. त्याला त्या पैशांचा राग नव्हता. "दवाखाना फ्री है, जाना-आना फ्री नहीं है," एवढंच म्हणाला.

ऐकत गेले तशी कारणं वाढत गेली. आणि ती एकट्या 'पद्धत' नावाच्या चौकोनात मावणारी नव्हती.

एक मोठं कारण म्हणजे 'रेफर' हा शब्द. हा शब्द आता कोरकू भाषेतही गेलाय. केंद्रातून धारणीला रेफर, धारणीहून अमरावतीला रेफर. धारणी ते अमरावती अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग घाटाचा आणि जंगलाचा. मग कधीकधी नागपूर. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला काही झालं तर माणूस परत आणायचं कसं, ही भीती बायका उघड बोलतात. आपल्याकडे पोट फाडण्याची भीती म्हणून तिची थट्टा होते. पण सिझर झालेल्या बाईला पुढचे काही महिने हंडा उचलता येत नाही, मोहफुलं वेचायला रानात जाता येत नाही. तिच्या वाट्याचं काम करणारं घरात दुसरं कुणी नसतं. ही भीती आहे, तसा तो हिशेबही आहे.

आणि एक कारण बायका बोलतच नाहीत. ते मला एका आशाताईने दार लोटून घेतल्यावर सांगितलं. मुलगी अठराच्या आतली असेल, तर दवाखान्याने पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. कायदा मुलींना वाचवण्यासाठी आहे आणि त्याची गरजही आहे. पण सतराव्या वर्षी लग्न होऊन गरोदर राहिलेल्या मुलीच्या घरचे एवढंच ऐकतात, की दवाखान्यात गेलो तर जावई आत जाईल. मग ज्या मुलीला दवाखान्याची सगळ्यांत जास्त गरज, तीच चार भिंतींच्या आत बाळंत होते. दाई वय विचारत नाही.

हे सगळं ऐकून दाईच्या प्रेमात पडणं सोपं आहे. माझी आजी जिवंत असती तर तिने मला तसं पडू दिलं नसतं.

आमचं गाव डोंगराच्या खाली, अचलपूरकडचं, काळ्या मातीचं. आजीची सात बाळंतपणं घरी झाली. दोन मुलं महिन्याच्या आत गेली. गावची सुईण मांगवाड्यातली होती. ती मागच्या दाराने यायची. दहा दिवस तिचा हात घराला चालायचा. बाळंतिणीचं रक्त, वार, चिंध्या हे सगळं तिनेच काढायचं. बारावा झाला, घर सारवलं, शुद्ध झालं, की तोच हात पुन्हा बाटवणारा. मग तिला अंगणातच भाकरी वाढायची. आजी हे लपवून सांगायची नाही. "ज्या बाईनं माह्या पोटातून लेकरू काहाडलं, तिच्या हातचं पानी म्या कदी पेलं नाही," म्हणायची, आणि पुढे काहीच बोलायची नाही. सुईणीच्या हुन्नरावर आज जे लेख येतात त्यात हे मागचं दार मला सापडत नाही. घाण काम आणि जात यांची गाठ इतकी घट्ट होती, की काम करणारीचं ज्ञान दिसायला जागाच उरली नव्हती. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलंत तर महारवाड्यातल्या पोरी बाळंतपणात कशा हाल होऊन मरायच्या, आणि जगल्या तर पोटात घालायला कसं काही नसायचं, ते कळेल. तिथे सुईण तारणारी नाही. भुकेची आणि अज्ञानाची शिकार तीही आहेच.

कोरकू गावांत हे जातीचं मागचं दार नाही. दाई आपल्यातलीच, नात्यातलीच असते. कदाचित म्हणूनच ती अजून टिकलीय. पण चुका तिच्याही होतात. दाईमाय जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालायची. थंडीच्या दिवसांत ओलं बाळ गारठतं, ही गोष्ट तिला कुणी सांगितली तरी पटायची नाही. काही दाया पोट दाबून घाई करतात. पहिला चीक काढून टाकायला लावणाऱ्या म्हाताऱ्या तर शहरातही आहेत.

धाकटी बाळंत झाली ती पावसाळ्यात. मी त्या रात्री गावातच होते. दिवेलागणीच्या सुमाराला मुलगा झाला. तो रडला, घरात हसणं-बोलणं सुरू झालं. वार पडायला खूप वेळ लागला, आणि पडली ती तुकड्यांनी. मग रक्त थांबेना.

भरलेल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. बाळ आणि वार बाहेर आली की गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि नसा बंद होतात. वारेचा एखादा तुकडा आत राहिला तर मूठ नीट वळत नाही. धडधाकट बाईसुद्धा अशा रक्तस्रावात दोन तासांत जाऊ शकते. धाकटी आधीच पांढरीफटक होती. तिच्या कार्डावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात लाल पेनने गोल केलेला होता.

दाईमायने गोधडीखालचं फडकं उचलून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "अब मेरा काम नहीं. गाडी बुलाओ." ना मंत्र, ना अंगारा, ना 'थोडी वाट पाहू'. मोठीचा नवरा टेकडीकडे पळाला. दाईमायने बाळ धाकटीच्या छातीला लावलं आणि स्वतः तिच्या बेंबीखाली हात ठेवून जोरात चोळत राहिली. बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आवळतं, बाहेरून चोळल्यानेही आवळतं. हे आता मला माहीत आहे. तेव्हा मी फक्त तिचा हात बघत होते, तो थांबत नव्हता.

सरकारी गाडी नाल्याच्या पलीकडे होती, पाणी उतरल्याशिवाय ती येणार नव्हती. गावातल्या एकाची जीप निघाली. मागच्या सीटवर धाकटी, तिचं डोकं मोठीच्या मांडीवर, दाईमाय खाली फळीवर गुडघे टेकून, हात अजून पोटावर. तिच्या शेजारी एक फडक्याचं गाठोडं होतं. मला वाटलं बाळाचे कपडे असतील.

दवाखान्यात धाकटीला लगेच आत घेतलं, लगेच सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. त्या बाबतीत बोलायला जागा नाही. दाईमाय मागोमाग आत निघाली तर दारातल्या बाईने हात आडवा केला. "तुझं इथं काय काम? घरी बाळंत करून इथं मरायला आणता." दाईमाय काहीच बोलली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. आतून डॉक्टरांनी ओरडून विचारलं, वार पूर्ण पडली का? किती वाजता? मोठी माझ्याकडे बघायला लागली, मी दाईमायकडे. तिने गाठोडं पुढे केलं. त्यात वार होती. सगळे तुकडे गोळा करून आणले होते, डॉक्टरला बघता यावेत म्हणून.

डॉक्टर तरुण होता, बाँडवर आलेला. तो बाहेर आला, ट्रेमध्ये ते तुकडे जुळवून पाहिले, एक भाग कमी होता. मग तो खाली उकिडवा बसला आणि मोडक्या हिंदीत दाईमायला विचारू लागला, किती वेळ झाला, रक्त आधी कसं होतं, गोळा कुठे लागत होता. तिने सगळं सांगितलं, वेळ चुलीतल्या लाकडांवर आणि पावसावर मोजून. तो पुन्हा आत गेला. धाकटीला नंतर तालुक्याला हलवलं, रक्त चढवलं. ती वाचली. इंजेक्शनाशिवाय आणि रक्ताशिवाय ती वाचली नसती, हे दाईमायही म्हणते.

पण त्या रात्री दारात आडवा आलेला तो हात कुठून आला, हे शोधताना मला वेगळीच गोष्ट सापडली. एकेकाळी याच सरकारने दायांना शोधून शोधून प्रशिक्षण दिलं होतं. 1977 च्या ग्रामीण आरोग्य योजनेत प्रत्येक गावाला एक प्रशिक्षित दाई असावी असं ठरलं होतं. दाईमायकडे त्या वेळची पत्र्याची पेटी अजून आहे. तिच्यात ब्लेड, दोरा, साबण असायचा. आता तंबाखू आणि नातवंडांची लसीची कार्डं आहेत. पुढे जगभर असं दिसलं, की नुसत्या दायांच्या प्रशिक्षणाने मातामृत्यू कमी होत नाहीत, कारण रक्तस्राव, झटके, अडलेलं मूल यांना लागणारी औषधं आणि शस्त्रक्रिया दाईकडे नाहीत. ते खरंच होतं. मग धोरण वळलं, कुशल हातांनी आणि दवाखान्यातच बाळंतपण हवं असं ठरलं. 2005 नंतर आशाताई आल्या, बाईला दवाखान्यात पोहोचवल्यावर त्यांना मोबदला मिळू लागला. दाईच्या वाट्याला काहीच ठेवलं नाही. कमरेला हात, पेज, तेल, दहा दिवसांची येजा ही तिची कामंसुद्धा कुणाच्याच यादीत आली नाहीत. कर्नाटकातल्या सुलगित्ती नरसम्मा यांना हजारो बाळंतपणं केल्याबद्दल 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात दाईला प्रवेश आहे, प्रसूतिगृहात नाही.

गंमत अशी की ज्या गोष्टी दाईमाय करते त्यातल्या बऱ्याच आता पुस्तकात आल्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणासाठी ज्या शिफारशी केल्या त्यात काय आहे? बाईच्या पसंतीची सोबतीण तिच्याजवळ असू द्या. तिला चालू-फिरू द्या, हवं त्या स्थितीत बाळंत होऊ द्या. सरसकट खाली कापू नका. नाळ निदान एक मिनिट तरी कापू नका. आपल्या केंद्र सरकारनेही 2016 पासून सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली आहे. परवानगी कागदावर आहे, दारात हात आहे.

दवाखाना की गावातली बाई, असं एकच निवडायची गरज नसते, हे गडचिरोलीत केव्हाच दिसून आलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या दाईबरोबर बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळाला ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. आणि आमच्याच धारणी तालुक्यात, बैरागडला, डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्याबद्दल लोक अजून सांगतात. त्यांचं स्वतःचं मूल जन्मल्यावर खूप आजारी पडलं, शहरात न्या असं सगळे म्हणत होते. स्मिताताई म्हणाल्या, गावातल्या मुलांना जे उपचार मिळतात तेच याला. त्यानंतर गाव त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलं. मी कुणाला असं करायचा सल्ला देणार नाही, माझ्यात ती हिंमत नाही. पण विश्वास कशाने बसतो याचं उत्तर त्यात आहे. 'ही पण थांबली' असं लोकांना दिसावं लागतं.

आदिवासी जिल्ह्यांत 'माहेरघर' नावाची योजना आहे. आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली. दिवस भरलेल्या बाईने आधीच चार-पाच दिवस येऊन राहायचं, सोबत एखादी नातेवाईक आणि लहान मूलही चालतं. नाव ज्याने ठेवलं त्याला बाळंतपण कळत असणार. मी पाहिलेल्या एका माहेरघरात औषधांची खोकी रचून ठेवली होती आणि दाराला कुलूप होतं.

दुसरं एक पाहिलं ते मात्र भरलेलं. तिथली सिस्टर नांदेडकडची. तिने दोन वर्षांत कामापुरती कोरकू शिकून घेतली होती. टेबलाशेजारी जमिनीवर एक जाड सतरंजी आणि वर स्वच्छ प्लास्टिक, ज्यांना खाली बसायचंय त्यांच्यासाठी. दाया आत यायच्या, पण चप्पल बाहेर आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन. इंजेक्शन सिस्टर देणार, कंबर दाई धरणार, अशी वाटणी. वार हवी असली तर बांधून द्यायची. "लेखी विचारलं तर मी नाही म्हणून सांगीन," असं ती मला हसत म्हणाली होती. जवळचं केंद्र सोडून लांबच्या गावांतल्या बायका तिच्याकडे जायच्या. तिची बदली कधी होते याची मला धास्ती वाटते.

मी आता मेळघाटात नाही. गेल्या महिन्यात मोठीच्या नवऱ्याचा फोन आला होता, टेकडीवरून. धाकटीला पुन्हा दिवस गेलेत, सातवा चालू आहे. यावेळी घरी नाही, एवढं सगळ्यांचं एकमत आहे. सिस्टर अजून तिथेच आहे, तिच्याकडे दहा दिवस आधी जाऊन राहायचं. दाईमाय बरोबर जाणार, तिने स्वतःच सांगून टाकलंय. मुलाला मोठी सांभाळेल. शेळ्यांचं मात्र अजून ठरायचं होतं, कारण मागच्या वेळी ठेवलेल्या शेजाऱ्याशी आता बोलणं नाही.